हृदयाचा पंचनामा



आपल्या शाळेत गेल्या महिन्यात मोठ्या गटाला 'आपले शरीर' हा धडा झाला. आमची कन्या हृदय, फुप्फुस, यकृत, मूत्रपिंड असे भारदस्त शब्द वहीत घेऊन घरी आली. तिला हवा असलेला एक शब्द मात्र त्या यादीत नव्हता. तिने आजोबांना विचारले, "आजोबा, स्कारला मराठीत काय म्हणतात?" आजोबांनी लेंगा वर करून पोटरीवरची विळा लागल्याची जुनी खूण दाखवली आणि म्हणाले, "व्रण." तिने पुढे विचारले, "मग तुमच्या हार्टवर आहे, तो?" आजोबा म्हणाले, "तोही व्रणच. फक्त तो बघायला लोहचुंबकाच्या बोगद्यात झोपावं लागतं."

ही हकीकत बाईंच्या कानावर गेली आणि त्यांनी आम्हाला फर्मावले की यावरच अंकासाठी लिहून द्या. आता आम्ही काही डॉक्टर नव्हे. इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि पोटापाण्यासाठी संगणकाचे प्रोग्रॅम लिहितो. तेव्हा पुढचा मजकूर हा वैद्यकीय सल्ला समजू नये. पण गेल्या वर्षभरात आमच्या घरात या एका विषयाचा जेवढा अभ्यास झाला तेवढा आम्ही कॉलेजातही केला नव्हता. त्यातले जे पक्के कळले, तेवढेच सांगतो.

आमचे वडील पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. नोकरीची बरीच वर्षे नीरा डाव्या कालव्यावर, बारामती-इंदापूरच्या बाजूला गेली. वय ७४, मधुमेह वीस वर्षांचा जुना सोबती. दोन वर्षांपूर्वी गावी असताना एका रात्री त्यांना छातीत जळजळ झाली, दरदरून घाम आला. "पित्त झालंय," म्हणाले, थंड दूध प्याले आणि झोपले. सकाळी बरे वाटले. आईनेही ते आम्हाला फोनवर सांगितले नाही, कारण 'पोरं तिकडे लांब, उगाच काळजी करतात'. हे वाक्य आपल्यापैकी कित्येकांच्या घरी बोलले जात असेल!

पुढे दोघे इथे शिकागोला आमच्याकडे राहायला आले. गेल्या पानगळीत बाबांना जिना चढताना मधेच थांबावे लागू लागले. तपासण्या झाल्या. इको काढला, त्यात हृदयाच्या डाव्या कप्प्याचा पुढचा भाग जवळजवळ हलतच नव्हता. निरोगी हृदय दर ठोक्याला कप्प्यातले साधारण ५५ ते ७० टक्के रक्त बाहेर ढकलते. बाबांचे ३० टक्केच ढकलत होते. अँजिओग्राफीत तीन रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या दिसल्या, समोरची तर जवळपास बंद. ती 'पित्ताची' रात्र म्हणजे हृदयविकाराचा झटका होता. मधुमेहाने मज्जातंतू बोथट होतात, त्यामुळे अशा माणसांना झटका आला तरी दुखणे फारसे जाणवत नाही, असे डॉक्टरीणबाईंनी समजावले.

आता प्रश्न बायपासचा. वरवर पाहता सोपे वाटते: वाहिनी तुंबली, तर बाजूने दुसरी जोडा. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थांबा. तो भाग हलत नाही हे दिसतंय. का हलत नाही, ते अजून माहीत नाही. तो मेला असेल, तर तिथे कितीही रक्त नेलं तरी उपयोग नाही. पण तो नुसता निजलेला असेल, तर रक्त मिळाल्यावर जागा होऊ शकतो."

निजलेला स्नायू! आम्ही थक्कच झालो. अस्वले थंडीत शीतनिद्रा घेतात हे तुम्हा मुलांना शाळेत शिकवतात. हृदयाचा स्नायूही रक्त कमी पडू लागले की काम बंद करून जेमतेम जगण्यापुरते रक्त वापरत पडून राहतो. इंग्रजीत त्यालाही शीतनिद्रेचाच शब्द आहे. डॉ. शाहबुद्दीन रहिमतुला यांनी ही कल्पना १९८० च्या दशकात रूढ केली. पंचाईत अशी की मेलेला आणि निजलेला, दोन्ही स्नायू इकोवर सारखेच दिसतात. दोन्ही गप्प.

बाबांना हे आम्ही मराठीत समजावले तेव्हा ते चटकन म्हणाले, "म्हणजे आत्ता झाली ती नजर आणेवारी. पंचनामा व्हायचाय."

मुलांसाठी सांगतो. दुष्काळ पडला किंवा गारपीट झाली की पीक किती गेले हे ठरवावे लागते. बांधावर उभे राहून नुसत्या नजरेने अंदाज करणे म्हणजे नजर आणेवारी. आणि शेतात उतरून, माणसे साक्षीला घेऊन, कुठल्या गटातले किती गुंठे पीक गेले ते कागदावर लिहिणे म्हणजे पंचनामा. बाबांनी आयुष्यभर भिजलेले क्षेत्र मोजले होते. "अंदाजावर मी छाती फाडून घेणार नाही," त्यांनी निक्षून सांगितले. "किती गेलंय ते मोजून द्या, मग ठरवू."

तो पंचनामा म्हणजे कॉन्ट्रास्ट देऊन केलेला हृदयाचा एमआरआय.

या यंत्राची गोष्ट आपल्या इलिनॉयशी थोडी जोडलेली आहे. चुंबक आणि रेडिओलहरी वापरून चित्र काढता येते हे पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठात दाखवले. १९८५ पासून ते आपल्याकडे अर्बाना-शॅम्पेनच्या विद्यापीठात होते. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचे पीटर मॅन्सफील्ड आणि ते, अशा दोघांना मिळून २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या शरीरात पाणी भरपूर, आणि पाण्यात हायड्रोजन. हायड्रोजनचा प्रत्येक अणुगर्भ हा एक चिमुकला चुंबक असतो. दीड टेस्लाच्या यंत्रात, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट जोरात, हे चिमुकले चुंबक शिस्तीत उभे राहतात. मग यंत्र त्यांना रेडिओलहरीने डिवचते. ही लहर ६४ मेगाहर्ट्झच्या आसपासची, म्हणजे आपल्या गाडीतल्या एफएमच्या जरा खालची. लहर थांबली की ते पुन्हा जागेवर येऊ लागतात आणि येता येता स्वतः बारीक संदेश सोडतात. त्या संदेशांतून चित्र तयार होते.

यात गॅडोलिनियमचे काम काय? हे एक मूलद्रव्य आहे, अणुक्रमांक ६४. १८८० मध्ये ते सापडले आणि फिनलंडचे रसायनशास्त्रज्ञ योहान गॅडोलिन यांच्या नावावरून त्याचे नाव पडले. औषधातल्या त्याच्या आयनात सात इलेक्ट्रॉन जोडीदाराविना असतात, त्यामुळे तो स्वतःच एक दमदार चुंबक होतो. त्याच्या शेजारचे हायड्रोजन झटपट जागेवर येतात. शाळेच्या मैदानावर समजा सगळ्यांना शीर्षासन करायला लावले आणि मग शिट्टी वाजवून उभे राहायला सांगितले. जी मुले पी.टी.च्या सरांजवळ असतील ती पटकन उभी राहतील, लांबची रेंगाळतील. गॅडोलिनियम म्हणजे ते पी.टी.चे सर. शिट्टीनंतर साधारण एक तृतीयांश सेकंदाने, लांबची मुले नेमकी आडवी असताना यंत्र फोटो घेते. ती मुले फोटोत काळी येतात आणि सरांजवळची पांढरीशुभ्र.

सुटे गॅडोलिनियम विषारी असते. म्हणून ते दुसऱ्या एका रेणूच्या पिंजऱ्यात कोंडून शिरेतून देतात आणि मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. मूत्रपिंडे फारच निकामी असलेल्या काही रुग्णांची कातडी या औषधामुळे कडक होत जाते, हे २००६ मध्ये लक्षात आले. तेव्हापासून आधी मूत्रपिंडे तपासतात आणि जास्त घट्ट पिंजऱ्याची औषधे वापरतात. बाबांचे मूत्रपिंड मधुमेही असूनही ठीक निघाले.

आता खरी गंमत. हे औषध मेलेल्या जागीच का रेंगाळते? आमच्या चिरंजीवांनी हाच प्रश्न विचारला आणि आम्हाला गिरगावातली चाळ आठवली. चाळीत सगळ्या खोल्यांची दारे बंद असली तर बाहेरून आलेल्या पाहुण्यांना फक्त अरुंद गॅलरीत उभे राहता येते. जागा थोडी, माणसे थोडी, आणि तीही लवकर निघून जातात. जिवंत स्नायूच्या पेशी अशाच खेटून असतात, आणि गॅडोलिनियमच्या औषधाला पेशीच्या आत प्रवेश नसतो. पण चाळीचा एखादा भाग कोसळला असेल, तर तिथे मोकळे पटांगण होते. पाहुणे तिथे भरपूर मावतात आणि रेंगाळतात. ताज्या झटक्यात पेशींची आवरणे फुटलेली असतात, आणि जुन्या व्रणात पेशींच्या जागी चिवट तंतू आणि त्यांच्यामधली पोकळ जागा उरते. म्हणून औषध दिल्यावर दहा-पंधरा मिनिटे थांबून चित्र घेतले की जिवंत स्नायू काळा आणि मेलेला भाग पांढरा दिसतो. निजलेला स्नायू? त्याची दारे बंदच असतात, तो काळाच दिसतो. म्हणजेच जिवंत!

हा धागा आपल्याच शहरात पक्का झाला. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले रेमंड किम, रॉबर्ट जड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये कुत्र्यांच्या हृदयावरच्या प्रयोगांतून दाखवले की चित्रातला पांढरा भाग आणि खरोखर मेलेला भाग एकमेकांशी जुळतात. पुढच्याच वर्षी, २००० मध्ये, त्यांनी ५० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बायपास किंवा स्टेंट करण्याआधी या रुग्णांचा एमआरआय काढला होता. जे भाग नीट हलत नव्हते पण ज्यांत पांढरे मुळीच नव्हते, अशा ३२९ भागांपैकी २५६ भाग उपचारानंतर जास्त हलू लागले, म्हणजे शेकडा ७८. आणि ज्यांची जाडी तीन चतुर्थांशाहून जास्त पांढरी होती, अशा ५८ भागांपैकी फक्त एक.

जाडी का मोजायची, हे बाबांना आमच्यापेक्षा लवकर कळले. हृदयाच्या रक्तवाहिन्या त्याच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून धावतात आणि त्यांच्या चाऱ्या आत आत शिरतात. म्हणजे सगळ्यांत आतला थर हा कालव्याचा टेल. कालव्यात पाणी कमी सोडले की आधी टेलचे शेत करपते, मग हळूहळू वरच्या अंगाची. ड्यूक विद्यापीठातल्या कीथ रायमर, रॉबर्ट जेनिंग्ज आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये नेमके हेच कुत्र्यांच्या हृदयात दाखवले. वाहिनी ४० मिनिटे बंद ठेवली तर मुख्यतः आतला थर मरतो. ती तीन तास, सहा तास बंद राहिली तर मरण आतून बाहेर सरकत जाते. बाबा म्हणाले, "आवर्तन लांबलं की असंच होतं. टेलवाला पहिला मरतो, आणि पहिला ओरडतोसुद्धा. माझ्या टेलवाल्यानं मात्र ओरडायचं सोडून पित्तावर भागवलं."

तपासणीच्या दिवशी गमती झाल्या. यंत्राच्या खोलीत धातूचे काही न्यायचे नसते. घड्याळ निघाले, अंगठी निघाली, कवळी निघाली. मग तंत्रज्ञ मुलीला बाबांच्या कमरेचा करदोटा दिसला आणि त्यात ओवलेला चांदीचा मणी. हे काय आहे, का आहे आणि लहानपणापासून का आहे, हे इंग्रजीत सांगताना आमची भंबेरी उडाली. शेवटी करदोटा सौ.च्या पर्समध्ये गेला. यंत्रात दर चित्रापूर्वी 'श्वास घ्या, सोडा, आता थांबा' असा हुकूम येई. श्वास सोडून थांबायचे, कारण तेव्हा हृदय दर वेळी जवळपास त्याच जागी राहते. बाबा रोज प्राणायाम करतात. बाहेर आल्यावर म्हणाले, "त्या पोरीला सांग, याला बाह्य कुंभक म्हणतात. मला हुकमाची गरज नव्हती." तंत्रज्ञ मुलगी म्हणाली, एवढी स्थिर चित्रे तिला रोज मिळत नाहीत.

आठवड्याने आम्ही अहवाल घेऊन बसलो. २००२ पासून अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या पद्धतीनुसार डाव्या कप्प्याचे १७ भाग पाडतात, जसे गावचे गट नंबर. बाबांच्या १७ पैकी ११ भागांत पांढरे काहीच नव्हते. चार भागांत आतली साधारण पाव जाडी पांढरी होती. आणि टोकाकडच्या दोन भागांत तीन चतुर्थांशाहून जास्त. स्नायूचे एकूण वजन १३० ग्रॅम, त्यात व्रण २१ ग्रॅम. म्हणजे शेकडा १६.

जिवंत माणसाच्या छातीतले ग्रॅम मोजले कसे? इथे आमच्यातला प्रोग्रॅमर जागा झाला. चित्र म्हणजे शेवटी ठिपके. समजा एक ठिपका दीड मिलिमीटर लांब आणि दीड मिलिमीटर रुंद, आणि कापाची जाडी आठ मिलिमीटर. आम्ही फोनमधला कॅल्क्युलेटर शोधेपर्यंत बाबा म्हणाले, "दीड गुणिले दीड सव्वादोन, सव्वादोन आठे अठरा." पावकी, निमकी, सवायकी, दिडकी पाठ असलेली ती पिढी! तर एका ठिपक्याचे आकारमान १८ घन मिलिमीटर. हृदयाचा स्नायू पाण्याहून किंचित जड, एका मिलिलिटरला १.०५ ग्रॅम. म्हणून एक ठिपका १८.९ मिलिग्रॅमचा. असे सगळ्या कापांतले पांढरे ठिपके मोजा. साधारण अकराशे भरले तर २१ ग्रॅम झाले. मुलांनो, गुणाकार एवढाच आहे.

अवघड आहे ते दुसरेच: कुठल्या ठिपक्याला पांढरा म्हणायचे? आपला हा अंक झेरॉक्स होऊन तुमच्या हाती पडतो. मुलांनी काढलेल्या पेन्सिलच्या चित्रांचे त्यात काय होते ते तुम्ही पाहिले आहेच. बटण गडद बाजूला फिरवले तर फिकट राखाडी रेघाही काळ्याकुट्ट उमटतात. फिक्या बाजूला फिरवले तर आभाळातले पक्षी नाहीसे होतात. चित्र तेच, पण रेघ कुठे ओढली यावर काय उरेल ते ठरते. हृदयाच्या चित्रातही व्रणाच्या कडेला करडे ठिपके असतात, अर्धे मेलेले आणि अर्धे जिवंत. त्यासाठी निरनिराळे नियम आहेत. एका नियमात निरोगी भागाची सरासरी घेतात आणि ठिपका तिच्याहून पाच प्रमाण विचलनांनी उजळ असेल तरच तो व्रणात धरतात. दुसऱ्या नियमात व्रणातला सर्वांत उजळ ठिपका पाहून त्याच्या निम्म्याहून उजळ असलेले मोजतात. नियम बदलला की ग्रॅम बदलतात.

आम्ही हे डॉक्टरीणबाईंना विचारले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "दुसऱ्या नियमाने २१ च्या जागी २५ येतील. पण टोकाचे दोन भाग दोन्ही नियमांनी गेलेलेच आहेत आणि ११ भाग दोन्ही नियमांनी जिवंत. वाद आहे तो कडेच्या करड्या पट्टीचा. निर्णय त्या पट्टीवर अवलंबून नाही." आकडा हाती आला की आम्ही इंजिनिअर मंडळी त्याला देव मानतो. तो कुठल्या रेघेवर उभा आहे हे विचारले, तर तो माणसात येतो आणि जास्त उपयोगी पडतो.

एवढे झाल्यावरही शल्यविशारदांनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली. एमआरआय हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. अशक्त हृदयाच्या १,२१२ रुग्णांवर स्टिच नावाचा मोठा अभ्यास झाला. दहा वर्षांच्या पाठपुराव्यात, २०१६ मध्ये दिसले की नुसती औषधे घेणाऱ्यांपैकी ६६ टक्के दगावले होते, बायपास झालेल्यांपैकी ५९ टक्के. फरक आहे, पण चमत्कार नाही. याच अभ्यासात ६०१ जणांचा स्नायू जिवंत आहे का हे आधी तपासले होते. ती तपासणी एमआरआयने नव्हे, दुसऱ्या पद्धतींनी झाली होती. त्यावरून बायपासचा फायदा कोणाला जास्त होईल हे सांगता आले नाही. २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या ७०० रुग्णांच्या अभ्यासात स्टेंट घालूनही अशा हृदयांच्या बाबतीत मृत्यू किंवा इस्पितळात भरती होणे कमी झाले नाही. म्हणजे डॉक्टरांमध्ये अजून चर्चा चालू आहे. "तुमच्या वडिलांच्या वाहिन्या जोडण्याजोग्या आहेत, स्नायू बराचसा जिवंत आहे, मूत्रपिंडे चांगली आहेत," ते म्हणाले. "मी करावं म्हणेन. पण हो म्हणायचं ते त्यांनी."

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर आमच्याकडे बराच वेळ कोणी बोलले नाही. आईचा मनातून विरोध होता. तिच्या माहेरी बायपास झालेले एकजण घरी परतले नव्हते. बाबांनी अहवालातले १७ भागांचे गोल चित्र पुढ्यात ओढले, नातीची रंगपेटी मागवली आणि ११ भाग हिरवे, चार पिवळे, दोन तांबडे रंगवले. मग आईला म्हणाले, "हे बघ. टेलची दोन गावं गेली. ती आता देवाला सोडली. पण ही पंधरा गावं पाण्याची वाट बघतायत. मी कालव्यावर असताना एवढं हिरवं दिसत असतं, तर मी पाणी सोडलं नसतं का?" आईने डोळे पुसले आणि विचारले, "कधीची तारीख आहे?"

शस्त्रक्रिया जानेवारीत झाली. पहिले दहा दिवस कठीण गेले, त्याबद्दल इथे लिहीत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा इको काढला. ३० चे ४२ टक्के झाले होते. पुढची भिंत हलू लागली होती, पूर्ण नाही पण चांगली. टोकाचे दोन भाग पंचनाम्यात लिहिले होते तसेच गप्प होते. आता बाबा रोज संध्याकाळी चिरंजीवांना घेऊन तळ्याला फेरी मारतात आणि जिना न थांबता चढतात.

मंडळी, हे सगळे इथे सांगण्याचे कारण आमच्या बाबांपुरते नाही. आपल्या लोकांना हा आजार लवकर गाठतो. ५२ देशांतल्या माहितीवरून २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात दिसले की दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, तर इतर देशांतल्या लोकांना साधारण ५९ व्या वर्षी. अमेरिकेतल्या आपल्यासारख्यांच्या हृदयाचा 'मसाला' नावाचा अभ्यास २०१० मध्ये सुरू झाला, त्याची दोन केंद्रे सॅन फ्रान्सिस्को आणि आपले शिकागो. नाव ऐकून हसू येते, पण विषय गंभीर आहे. आमच्या शाळेच्या पार्किंगमध्ये रविवारी उभे राहणारे बहुतेक बाबालोक चाळिशी ते पंचेचाळिशीतले. हिशेब ज्याचा त्याने करावा.

आणि झटका आला हे कळेलच असे नाही. मेसा नावाच्या अमेरिकी अभ्यासात सुरुवातीला हृदयविकार नसलेल्या लोकांपैकी १,८४० जणांचा दहा वर्षांनी असाच कॉन्ट्रास्ट एमआरआय केला. २०१५ मध्ये निकाल आला. १४६ जणांच्या हृदयात व्रण होता आणि त्यांपैकी ११४ जणांचा व्रण आधी ईसीजीतही आला नव्हता आणि डॉक्टरांच्याही ध्यानात आला नव्हता. म्हणजे ११४ जणांची एखादी 'पित्ताची' रात्र होऊन गेली होती! तो अभ्यास आपल्या लोकांचा नव्हता, तरी पित्त मात्र आपल्याकडे जास्तच असते.

म्हणून वडीलधाऱ्यांना विनंती. छातीत जळजळ, दडपण, घाम, धाप, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणे, असे काही झाले तर सोडा, ओवा, थंड दूध यांत वेळ घालवू नका. ९११ फिरवा. खरेच पित्त निघाले तर चांगलेच झाले, चार लोक हसतील, हसू द्या. बर्फ उपसताना धाप लागली तर फावडे तिथेच टाका. आणि मधुमेह असेल तर दुखण्याची वाट पाहू नका, त्याची घंटा बिघडलेली असते.

बालमित्रांनो, तुम्हाला गृहपाठ. या आठवड्यात भारतातल्या आजी-आजोबांना फोन कराल तेव्हा 'कसे आहात' एवढ्यावर थांबू नका. 'बरे आहोत' हे उत्तर ते नेहमीच देतात. त्यांना विचारा: जिना चढताना दम लागतो का? रात्री कधी घाम येऊन छातीत जळजळ झाली होती का? हे प्रश्न मराठीत विचारा. त्यांचे खरे उत्तर मराठीतच येईल. मिळालेले उत्तर वहीत लिहा आणि त्याच दिवशी आईबाबांना दाखवा.